शनिवारपर्यंत मेलेली

ट्रॅममध्ये समोर बसलेली बाई पुस्तक वाचता वाचता रडायला लागली, आणि सोलांज वेर्नेच्या लक्षात आलं की ही आपल्या मरणावर रडतेय. पांढरं मुखपृष्ठ, त्याला कमरपट्ट्यासारखी गुंडाळलेली लाल पट्टी, पट्टीवर ‘अंतिम फेरीत’ असं छापलेलं, आणि वर तिच्या मुलाचं नाव: लोइक वेर्ने. उजव्या बाजूला थोडीच पानं उरली होती. म्हणजे एव्हाना कादंबरीतल्या आईचं, इरेनचं, बोलणं बंद झालं असणार, मुलगा खाटेशी बसून संत्र्याच्या फोडी सोलत असणार, फोडीवरची पातळ सालसुद्धा काढत असणार, कारण इरेनला आता तीही गिळवत नाही. सोलांजला ते पान जवळपास पाठ होतं. बाईचं वय तिशीचं असेल, मांडीवर औषधांच्या दुकानातली पिशवी, ओला कोट, नाक लाल. रडणं आवरण्यासाठी ती खिडकीबाहेर बघायची आणि परत पानाकडे यायची, जिभेला दुखऱ्या दाताकडे जायची खोड असते तशी. सोलांजनं पर्समधून कागदी रुमाल काढून पुढे केला. ‘‘माफ करा हं,’’ बाई म्हणाली, ‘‘चारचौघांत असं... तुम्ही वाचलंय का हे?’’ ‘‘वाचलंय.’’ ‘‘मग तुम्हाला कळेल. काय बाई असेल नाही ती! आणि तो मुलगा, बिचारा.’’ ‘‘बिचारा,’’ सोलांज म्हणाली. तिला आणखीही काही म्हणायचं होतं, पण काय म्हणणार? अहो, ती बाई मीच, आणि या पिशवीत आज रात्रीच्या सूपसाठी लीकच्या जुड्या आहेत? तिचा थांबा आला आणि गेला, पुढचाही गेला, आणि ती उतरली तेव्हा चढावरून परत खाली चालत यावं लागलं. चालताना तिला उगाच वाटत राहिलं की लोक आपल्याला बघून न बघितल्यासारखं करताहेत.

पुस्तक लोइकनं ऑगस्टमध्ये आणून दिलं होतं. लियोंहून सकाळच्या गाडीनं आला, जेवला, बटाट्याचे किसून केलेले तिचे थालीपिठासारखे वडे चार खाल्ले, आणि निघताना दारात उभं राहून पिशवीतून काढून हातात दिलं, शेजारणीची उसनी वाटी परत करावी तसं. ‘‘कादंबरी आहे हं, आई,’’ म्हणाला. ‘‘कादंबरी.’’ दोनदा म्हणाला तेव्हाच तिला संशय यायला हवा होता. चौतिसाव्या वर्षी मुलाचं पहिलं पुस्तक छापून येतं, दिवसभर नकाशे काढणाऱ्या कचेरीत मान मोडून काम करणाऱ्या मुलाचं, तेव्हा आईचं डोकं संशयाकडे जात नाही. ती त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. पहिल्या पानावर तिचं घर होतं. तिसऱ्या मजल्यावरची तीच खिडकी, खिडकीतून दिसणारे खाणीच्या मातीचे तेच दोन ढिगारे, आता गवतानं माखलेले, तोच निळा थर्मास, झाकणाला पोचा आलेला. हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करणारी आई. सोलांजला हसू फुटलं होतं, आपला फोटो अचानक कुणाच्या घरी भिंतीवर दिसावा तसं. मग दुसऱ्या प्रकरणात ती आई गायला लागली.

इरेन गायची. भांडी घासताना, चादरी झटकताना, जिना चढताना. इरेन कामावरून आली की मुलाच्या पलंगाच्या कडेला बसायची आणि विचारायची, आज काय झालं ते सगळं सांग, काही गाळायचं नाही. इरेनच्या हाताला संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा वास यायचा. इरेननं मुलावर कधी हात उगारला नाही. सोलांज वाचत गेली आणि तिच्या अंगाचा तिळपापड होत गेला. सवत आणायची तर नवऱ्यानं आणावी. तिचा नवरा तर तेवढेही कष्ट न घेता, लोइक तीन वर्षांचा असताना, एका साध्या मंगळवारी कपाट रिकामं करून निघून गेला होता. आणि आता मुलानं आणली होती ही, तिच्याच घरात, तिच्याच थर्मासमधली कॉफी पिणारी, गोड गळ्याची. हिवाळ्यात इरेनच्या फुफ्फुसात काहीतरी निघालं आणि मार्चमध्ये ती गेली. शेवटची पानं वाचताना सोलांज हमसाहमशी रडली आणि रडता रडता तिला स्वतःचा राग आला. कुणासाठी रडतेस? ती सुटली. प्रेम घेऊन सुटली. तू मात्र बसलीस इथं, गुडघे दुखवत.

राग येण्याचं आणखी एक कारण होतं, आणि ते जुनं होतं. लोइक नऊ वर्षांचा असताना शाळेत पालकांना बोलावलं होतं, आणि त्याच्या बाईंनी सोलांजचा हात दोन्ही हातांत धरून म्हटलं होतं, ‘‘तुम्ही जहाजावर गाता म्हणे! वर्गाला एकदा ऐकवाल का?’’ सोलांज लाँड्रीतून तशीच आली होती, अंगाला ब्लीचचा वास, केस घामानं चिकटलेले. बाईंना दिसत नव्हतं? की दिसूनही त्या तसं म्हणाल्या? ही थाप लोइकनंच वर्गात मारलीय हे सोलांजला कळलं; ती म्हणाली होती, घसा बसलाय सध्या. ट्रॅमच्या थांब्यावर पोचल्यावर तिनं लोइकच्या थोबाडीत मारली. आवाज मोठा झाला. थांब्यावरच्या एका म्हाताऱ्यानं मान वळवली. लोइक रडला नाही, त्यानं फक्त दप्तराचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला. तेवढंच आठवतं तिला, तो पट्टा बदलणं. म्हणजे मुलगा तेव्हापासून वेगळी आई शोधत होता. एक जहाजावरची सापडली होती, ती आईनं एका थपडीत बुडवली. मग त्यानं इतकी वर्षं वाट बघितली आणि दुसरी आणली, आणि या वेळी आईच्या हाताला लागू नये म्हणून आधीच मारून टाकली. असे विचार सोलांजच्या डोक्यात यायचे आणि मग तिचंच तिला भय वाटायचं. मूल कादंबरी लिहितं; त्यात एवढं काय मनाला लावून घ्यायचं?

ट्रॅममधल्या त्या बाईनं मात्र मनाला लावून घ्यायची सोय करून दिली. घरी येऊन लीक चिरायला घेतलं तेव्हा सोलांजचे हात गार होते. फोन वाजला तेव्हा तिनं ओल्या हातानंच उचलला.

‘‘आई, जेवलीस?’’

‘‘सहा वाजता कोण जेवतं रे? काय झालं?’’

‘‘काही नाही. शनिवारी आहे ना ते. पुरस्काराचं.’’

‘‘ठाऊक आहे. ट्रॅममध्ये जाहिरात लागलीय. जेवणात चीज खाऊन झालं की निकाल, दरवर्षीसारखा.’’

‘‘हो. तर... तुला कंटाळा येईल, आई. भाषणं असतात. तुझे गुडघे आणि ते लाकडी बाक. मी रविवारी येतोच की घरी. आपण सावकाश जेवू.’’

सोलांजनं सुरी खाली ठेवली. तिच्या शहरात, तिच्या घरापासून ट्रॅमनं पाच-सात थांब्यांवर, तिच्या मुलाच्या पहिल्या कादंबरीला पहिल्या कादंबरीचा पुरस्कार मिळायची वेळ आलीय, आणि मुलगा तिला गुडघ्यांची आठवण करून देतोय. ‘‘लोइक,’’ ती म्हणाली, ‘‘सरळ सांग.’’

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग तो बोलायला लागला आणि थांबेना. वाचनालयात वाचकांबरोबर भेट ठेवली होती सप्टेंबरात. पुस्तकं निवडणारे सगळे तिथे होते, ते कुणी लेखक नसतात, वाचनालयांचे साधे वाचकच असतात, आई, तुझ्यासारखे. एक म्हातारी बाई उठली, दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि म्हणाली, माझीही आई या वसंतात गेली, तुमचं दुःख मला समजतं. ‘‘मी काय करणार होतो? प्रकाशकांकडची ती मुलगी मला आधीच म्हणाली होती, पहिली कादंबरी म्हणजे लोक लेखकाचं आयुष्यच समजतात, तू हो म्हणू नको, नाही म्हणू नको, हसून घे. मी हसलो. पण माझं ते हसणं उदास दिसलं असणार. मग सगळेच एकेक करून यायला लागले. एकानं मिठी मारली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, आईच्या आठवणींतून वगैरे. आई, मी कुणालाही म्हटलं नाही की तू गेलीस. फक्त... नाही गेली असं म्हटलं नाही.’’

‘‘आणि आता मी तिथे आले तर भूत आल्यासारखं होईल.’’

‘‘आई...’’

‘‘बरं,’’ सोलांज म्हणाली, आणि आपला आवाज इतका हलका कुठून आला हे तिलाच कळलं नाही. ‘‘शनिवारपर्यंत मी मेलेलीच राहते. रविवारी चिकन करू की ससा?’’

त्यानंतरचे दिवस ती खरोखर मेल्यासारखी वागून बघत होती, कुणाला न कळता. सकाळी खिडकी उघडली की म्हणायची, ही खिडकी आता कोण उघडेल? नाहीतर कपाटातले टॉवेल काढून पुन्हा घडी घालायची. माझ्या मागे लोइक हे टॉवेल असेच पिशवीत कोंबेल, त्याला घडी येत नाही. खुर्चीत बसल्यावर खुर्चीला आपल्या बसण्याचा जो बाक आलाय तो तिला हातानं चाचपून बघावासा वाटला. विचित्र म्हणजे यात दुःख नव्हतं, एक प्रकारची सुट्टी होती. मेलेल्या माणसाला दुपारी दंतवैद्याकडे जायचं नसतं. पण संध्याकाळ झाली, ढिगाऱ्यांवरचं गवत काळं दिसायला लागलं की ती सुट्टी संपायची. तो मला आणू शकला असता. एका वाक्याचं काम होतं: नाही हो, आई आहे, ठणठणीत आहे, तिचा आवाज ऐकाल तर घाबराल. हे एक वाक्य त्याला जड गेलं, कारण ते बोलला असता तर इरेन खोटी पडली असती. दोघींतली एकच जिवंत राहू शकत होती आणि लोइकनं हात धरला तो इरेनचा. सोलांज तिरमिरून उठायची आणि भांडी घासायची. घासताना एकदा तिनं गाऊन बघितलं. दोन ओळी. आवाज पहिल्यासारखाच होता, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा. ती हसली आणि मग सिंकची कडा धरून उभी राहिली.

शनिवारी ती गेली. जाणार नाही असं ठरवून तिनं केस धुतले, जाणार नाही असं ठरवून हिरवा कोट ब्रशनं झाडला, आणि जाणार नाही असं म्हणतच ट्रॅममध्ये चढली. दुरून बघायचं, मागच्या बाकावरून, आणि गोड यायच्या आत निघायचं. पुरस्काराच्या जेवणाची चिठ्ठी कुणालाही मिळत होती. वाचक असलं की झालं. फितींच्या जुन्या कारखान्याचं ते लांबलचक दालन, वर काचेचं छत, खाली कागद अंथरलेली लांब टेबलं, आणि माणसांचा, शिजलेल्या कोबीचा, ओल्या लोकरीचा वास. पलीकडच्या टोकाला व्यासपीठ नव्हतंच, नुसतं एक टेबल, आणि त्याच्याशी उरलेल्या दोन पुस्तकांचे लेखक: एक ब्रेस्तहून आलेली मायवेन नावाची लाजरी मुलगी, जी पावाचे तुकडे करून ओळीत मांडत होती, आणि लोइक. त्यानं इस्त्री केलेला शर्ट घातला होता आणि तो पाणीच पाणी पीत होता. मुलाचे कान थंडीनं लाल व्हायचे तसे लाल होते.

निवडणारे अकरा जण गर्दीत विखरून बसतात, ही तिथली पद्धत. एकत्र बसले तर खलबतं करतील म्हणून. छातीवर लाल फीत लावतात, आणि चीजच्या थाळ्या उचलल्या गेल्या की भर सभेत हात वर करून मत देतात. सगळ्यांसमोर, आपापल्या बाकावरून. त्यामुळे चीज चाललेलं असतं तेव्हा प्रत्येक फीतवाल्याच्या आजूबाजूचे लोक त्याला कोपरखळ्या मारत असतात. सोलांज शेवटच्या टेबलाच्या शेवटच्या टोकाला बसली, तर बाजूला फीत. सत्तरीच्या पुढची, पांढरे केस मुलासारखे बारीक कापलेली, चष्मा दोरीला. ‘‘मादाम रुविएर,’’ तिनं स्वतःच सांगितलं आणि पावाची टोपली पुढे सरकवली. ‘‘पोस्टात होते. तुम्ही कोणाच्या बाजूच्या? लाजू नका, मला सगळे विचारताहेत, मीही विचारते.’’

‘‘त्या मुलाच्या,’’ सोलांज म्हणाली.

‘‘अगदी बरोबर!’’ मादाम रुविएरनं टेबलावर थाप मारली. ‘‘ती ब्रेस्तची पोरगी हुशार आहे, तिची कादंबरी घड्याळासारखी चालते, सगळे म्हणतात तिचंच पुस्तक जास्त चांगलं रचलंय. रचलंय म्हणे! मी त्यांना सांगितलं, हा मुलगा आईला पोचवून आलाय. मी याला रिकाम्या हातानं घरी जाऊ देणार नाही. पाच जण माझ्याकडे वळवले मी, ठाऊक आहे? माझं धरून सहा. मी वाचनालयात त्याचा हात धरला होता. थंडगार होता. माझी आई शहाण्णव वर्षांची होऊन गेली, लोक म्हणतात वय झालं होतं. त्याला काय अर्थ आहे? मी अजून रविवारी तिला फोन करायला उठते.’’

लोइकनं फोनवर सांगितलेली ती म्हातारी हीच. सोलांजनं हातातला चीजचा तुकडा ताटात परत ठेवला. आपण उठून जावं असं तिला वाटलं, पण उठायचं म्हणजे बाक सरकवायचं, सगळ्यांनी बघायचं. त्याच वेळी लोइकनं मान वर केली आणि टेबलांच्या लांबलचक रांगांवरून, शे-दीडशे डोक्यांवरून त्याची नजर थेट तिच्या हिरव्या कोटावर येऊन थांबली. त्याचा चेहरा पांढरा पडला. सोलांजनं मान हलवली, इतकी थोडी की शेजारणीलाही दिसू नये. नाही. बस तिथे. मी कुणी नाही.

‘‘तुम्ही ओळखता त्याला?’’ शेजारणीला दिसलंच होतं.

‘‘मी...’’ सोलांज म्हणाली, ‘‘त्यांच्या घरचे कपडे धुवायचे.’’ हे काही खोटं नव्हतं.

‘‘अगं बाई!’’ मादाम रुविएरनं चष्मा डोळ्यांवरून काढला. ‘‘म्हणजे तुम्ही तिला बघितलंय? आईला?’’ आणि मग तिनं सोलांजच्या मनगटावर हात ठेवला आणि खालच्या आवाजात, नाजूक गोष्ट विचारावी तसं विचारलं, ‘‘कशी होती हो ती?’’

आजवर सोलांजला हे कुणी विचारलं नव्हतं. जिवंत माणसाला तू कशी आहेस असं विचारतात आणि उत्तराची वाटही न बघता पुढे जातात. ती कशी होती, हे फक्त गेलेल्यांबद्दल विचारतात, आणि ऐकायला थांबतात. समोर ही म्हातारी थांबली होती, तोंड किंचित उघडं, डोळे पाणावलेले, आणि सोलांजला मोह झाला. गायची, असं म्हणावं. हाताला फुलांचा वास यायचा. काय बिघडलं असतं? पण तिच्या तोंडून जे निघालं ते वेगळंच निघालं. ‘‘तोंडाळ होती,’’ ती म्हणाली. ‘‘हात चालायचा तिचा. गाणं-बिणं काही नाही, ते त्यानं घातलंय पदरचं. कामावरून यायची ती वैतागलेलीच यायची. पोराला म्हणायची जेव, म्हणायची झोप, म्हणायची बूट पूस. आज काय झालं म्हणून तिनं कधी विचारलं नाही, ऐकायची ताकदच उरायची नाही अंगात.’’ मादाम रुविएरचा हात मनगटावर होता तसाच होता. ‘‘पण रात्रपाळी संपवून पहाटे आली ना, की त्याच्या खोलीच्या दारात उभी राहायची. तो झोपलेला असायचा, पांघरूण लाथाडून. बराच वेळ उभी राहायची. कोट न काढता.’’

‘‘आत नाही जायची?’’

‘‘अंगाला वास असायचा ना ब्लीचचा. तो जागा झाला असता. मूल झोपलंय, शांत दिसतंय, कशाला आपला वास घेऊन जायचं त्याच्याजवळ? मग यायची परत स्वयंपाकघरात.’’ सोलांजला बोलता बोलता दिसलं की इरेन कुठून आली. इरेन दुसऱ्या कुठल्या घरातून आली नव्हती. त्या दारात उभी होती तीच, फक्त एक पाऊल पुढे टाकलेली, आत गेलेली, पलंगाच्या कडेला बसलेली. ‘‘वाईट नव्हती हो,’’ ती म्हणाली, ‘‘जमलं नाही तिला.’’

‘‘मी जागा असायचो,’’ मागून आवाज आला.

लोइक बाकाच्या मागे उभा होता. कधी आला कळलं नव्हतं. चीजच्या थाळ्या उचलायला सुरुवात झाली होती, पलीकडे कुणीतरी मायक्रोफोनवर बोट आपटून बघत होतं, आणि तो इथे उभा होता, शर्टाची बाही पाण्यात भिजलेली. सोलांज न वळता म्हणाली, ‘‘जा रे. जा तुझ्या जागेवर.’’ तो गेला नाही. मादाम रुविएरकडे बघून, लहानपणी चूक कबूल करताना उभा राहायचा तसा दोन्ही पाय जुळवून उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘मादाम, ही माझी आई.’’

म्हातारीला आधी कळलंच नाही. तिनं लोइककडे बघितलं, सोलांजकडे बघितलं, सोलांजच्या ताटातल्या अर्धवट चीजकडे बघितलं. ‘‘तुझी आई तर...’’

‘‘नाही. त्या दिवशी मी तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही माझा हात धरलात आणि मला... इतकं बरं वाटलं की मी गप्प बसलो. माझी आई आहे. ही, इथे. पुस्तकात मी मारली. मतांच्या आधी तुम्हाला ठाऊक असावं.’’

आजूबाजूची चार-सहा डोकी वळली. एक गृहस्थ पुटपुटला, बघा म्हणजे झालं. मादाम रुविएरनं सोलांजच्या मनगटावरून हात काढून घेतला, भाजल्यासारखा. ‘‘मी त्या लोकांशी भांडले,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या आईचं नाव घेऊन भांडले. आणि तुम्ही! कपडे धुवायची म्हणे!’’

‘‘धुवायचेच की,’’ सोलांज म्हणाली. आणि मग तिला राग आला, स्वतःवर नाही, लोइकवर नाही, या फीतवालीवर. ‘‘अहो, माझ्याकडे काय बघता? पुस्तकाकडे बघा. त्यात एक अक्षर बदललंय का कालपासून? ती बाई त्यात खरंच मरते हो. मी इथे जिवंत बसलेय, आणि मी तिच्यासाठी रडले, माझा दीडदमडीचा हेवा बाजूला ठेवून रडले. तुमच्या आईसाठी रडलात ना ते वाचून? ते रडणं खोटं होतं?’’

‘‘नाही,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘नाही, पण...’’ तिनं लोइककडे बघितलं, आणि तिच्या नजरेत राग नव्हताच, फक्त फार थकवा होता. ‘‘मला वाटलं आपण दोघं आहोत, बाळा. मला वाटलं, तू आणि मी.’’

मायक्रोफोनवरून नावं पुकारली. लोइकच्या पुस्तकासाठी हात. दालनात इकडे तिकडे हात वर झाले, लाल फितींच्या वर, आणि लोक मान वळवून मोजू लागले. पाच. मायक्रोफोनवाला थांबला, कारण त्यालाही ठाऊक होतं की सहावा कुठे बसलाय. सगळ्यांच्याच नजरा शेवटच्या टेबलाकडे आल्या. मादाम रुविएरचा हात मांडीवर होता. बोटं एकदा उघडली, मिटली. सोलांजनं त्या हाताकडे इतकं बघितलं की तो आपलाच आहे आणि आपल्याला उचलता येत नाही असं तिला वाटलं. हात वर गेला नाही. मायवेनच्या नावाला गेला, अर्धवट, कोपरातून, आणि म्हातारीनं मान खाली घातली.

टाळ्या झाल्या. ब्रेस्तची मुलगी रडायला लागली, तिला फुलं दिली, फोटोवाल्यांनी तिला उभं केलं, बसवलं, पुन्हा उभं केलं. मादाम रुविएर उठली, सोलांजच्या खांद्याला, जाता जाता, न बघता, हात लावून गेली. मग गोड आलं, लालभडक साखरबदामाचा टार्ट, आणि लोइक दोन बशा घेऊन आला आणि म्हातारीच्या रिकाम्या जागेवर बसला. तो हसत होता. इतका मोकळा सोलांजनं त्याला कित्येक वर्षांत बघितला नव्हता.

‘‘हरलो,’’ तो म्हणाला.

‘‘पाच मिनिटं थांबला असतास तर जिंकला असतास. पाच मिनिटं! मी कुठे पळून जात होते?’’

‘‘तू पळूनच जात होतीस. कोटाची बटणं लावली होतीस.’’

‘‘गाढव आहेस तू.’’

‘‘खा, आई.’’

तिनं चमचा उचलला. समोर लोक मायवेनच्या पुस्तकावर सह्या घ्यायला रांग लावत होते. लोइकच्या पुस्तकांचा गठ्ठा टेबलाच्या टोकाशी तसाच होता, लाल पट्ट्या बांधलेला, त्यांच्यावरचं ‘अंतिम फेरीत’ आता कायमचं खरं झालेलं. काही जण लांबून सोलांजकडे बोट दाखवत होते: ती बघ, ती आई. तिला लाज वाटली नाही. इरेनचा हात धरायचा की आईचा, हा प्रश्नच उरला नव्हता. मुलानं भर सभेत, हातातोंडाशी आलेलं सोडून, तिचा धरला होता. तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या मधोमधच तिला इरेन आठवली. कोण होतं आता तिचं? काल अर्धं शहर तिच्यासाठी रडत होतं, आणि आता सगळे म्हणतील, छे, ती तर रचलेली. मार्चमध्ये गेली बिचारी, फुफ्फुस भरून, मुलाच्या हातची संत्र्याची फोड तोंडात घेऊन, आणि तिच्या पोराजवळ त्यानंतर एकदाही कुणी खरं माणूस येऊन बसलं नाही. लोक आले ते सोलांज मेली म्हणून आले. इरेनसाठी कुणी आलंच नव्हतं.

सोलांजनं चमचा ठेवला. मुलाच्या भिजलेल्या बाहीवर हात ठेवला, मग दोन्ही हातांनी त्याचं डोकं ओढून आपल्या हिरव्या कोटावर धरलं, सगळ्यांसमोर, जसं तिनं तो नऊ वर्षांचा असताना धरलं नव्हतं आणि नंतरही कधी नाही.

‘‘आई? काय झालं? अगं, रडतेस काय?’’

‘‘तुझी आई गेली रे,’’ सोलांज म्हणाली. ‘‘फार चांगली होती.’’

लोइकनं तिचा कोट मुठीत धरला. मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि तो तिच्या कुशीत तोंड खुपसून, पुस्तक लिहून झाल्यापासून पहिल्यांदाच, रडला.